दप्तर कुणाचं तपासायचं?

कर्जत तालुक्याच्या पूर्वेला, भीमाशंकरच्या डोंगराखालच्या एका वाडीवर मी शाळेच्या परिपाठाला उभी होते. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, सुविचार झाला, मग बोधकथा आली. कथा लाकूडतोड्याची. तुम्ही-मी सगळ्यांनी ऐकलेली. कुऱ्हाड नदीत पडते, देव वर येतो, आधी सोन्याची दाखवतो, मग चांदीची दाखवतो. गरीब लाकूडतोड्या म्हणतो, माझी लोखंडाची. देव खूश होतो आणि तिन्ही देऊन टाकतो. सरांनी विचारलं, बोध काय? पोरांनी एका सुरात सांगितलं, नेहमी खरे बोलावे. मागच्या रांगेतली एक कातकरी पोरगी शेजारणीला हळूच म्हणाली, "माझ्या बाची कुऱ्हाड गार्डानी नेली. त्यानी नाय इचारलं, सोन्याची का लोखंडाची."

सर हसले. मीही हसले. परत येताना मात्र ते हसू टिकलं नाही, कारण पोरीने त्या गोष्टीतली खरी गोम पकडली होती. परीक्षा कुणाची आहे? लाकूडतोड्याची. देवाची परीक्षा कधी होत नाही. नदीतून सोन्याची कुऱ्हाड काढणाऱ्याला कुणी विचारत नाही की बाबा, ही तुझ्याकडे आली कुठून. प्रामाणिकपणाच्या आपल्या सगळ्या गोष्टी काढून बघा. ज्याच्याकडे काही नाही त्याचीच झडती, आणि ज्याच्याकडे आहे तो बक्षीस देणारा. एकलव्याचा अंगठा कापून घेतला, तर धडा कशाचा? गुरुभक्तीचा. दिलेला शब्द पोराने पाळला. विश्वासघात द्रोणाने केला. पण द्रोणाच्या चारित्र्यावर प्रश्न आलाय कधी परीक्षेत? आमच्या कर्जत-खालापुरात फार्महाऊसच्या कुंपणाआत गेलेल्या जमिनींचे कागद बघा. तिथेही अंगठेच आहेत.

मुलांना सचोटी, विश्वासूपणा, चारित्र्य शिकवायचं की नाही, हा वादच नाही. शिकवायलाच हवं. शिकवणारा कोण आहे आणि तो कुणाला संशयित धरून सुरुवात करतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्या राज्यात मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं शिक्षकांना तोंडपाठ असतात. श्रमप्रतिष्ठा, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा. यादी वाईट नाही, त्यातली काही तर आपलीच आहेत. पण पुन्हा एकदा वाचा. यात सचोटी नाही. न्याय नाही. वक्तशीरपणा मात्र आहे आणि नीटनेटकेपणाही आहे. आणि प्रत्यक्ष वर्गात दहापैकी मोजली जातात ती हीच दोन, कारण ती डोळ्यांना दिसतात.

आता या दोन फूटपट्ट्या घेऊन कातकरी पोराकडे चला. केंद्र सरकारने महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती सर्वांत असुरक्षित ठरवल्या त्यांतली ही एक, कोलाम आणि माडिया गोंडांच्या जोडीला. दिवाळी झाली की घरं रिकामी होतात. मालकाची उचल घेतलेली असते, ती फेडायला अख्खं कुटुंब वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर. पावसाच्या तोंडावर परत. हिशोब मुकादमाच्या वहीत. हजार विटांमागे किती ठरले, किती कापले, उचल किती फिटली, हे बापाला वाचता येत नाही आणि पोराला वाचू दिलं जात नाही. वेठबिगारीला बंदी घालणारा कायदा १९७६ चा आहे. म्हणजे हे सगळं माझ्या जन्माच्याही आधी बेकायदा झालं. अशा घरातलं पोर जूनमध्ये चुलीच्या राखेने दात घासून शाळेत येतं, उशिरा येतं, शर्टाला बटणं नसतात. दोन मूल्यांत तिथेच नापास. आणि ज्याच्या वहीत खोटा हिशोब आहे, त्याचा मुलगा इस्त्रीच्या गणवेशात घंटेआधी हजर असतो. तो आदर्श विद्यार्थी!

तीनेक वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका शाळेत सहलीचे पैसे हरवले. नाव सांगत नाही, कारण हे एका शाळेचं नाही. बाईंनी वर्गाचं दार लावलं आणि दप्तरं तपासली. सगळ्यांची नाही, चौघांची. तीन कातकरी वाडीवरची आणि एक आपल्या बौद्धवाड्यातला. एकाच्या दप्तरात पन्नासची नोट निघाली. ती त्याच्या आजीने औषधासाठी दिली होती. संध्याकाळी हरवलेले पैसे बाईंच्याच हजेरीपटात सापडले. दुसऱ्या दिवशी बाई वर्गात एवढंच म्हणाल्या, "पैसे मिळाले बरं का." माफी नाही. त्या नोटेवाल्या पोराने आठवड्याभरात शाळा सोडली. मी वाडीवर गेले तर तो म्हणाला, "ताई, आता काय पण हरवलं की माझ्याकडंच बघत्यात." सातवीतलं पोर. मी समाजशास्त्राच्या एम.ए.ला हॉवर्ड बेकर वाचला होता. गुन्हेगार हा आधी कृत्याने ठरतो की समाजाने मारलेल्या शिक्क्याने, असा त्याचा सगळा खटाटोप. त्या पोराने एका वाक्यात सांगितलं.

आणि हा शिक्का नवा नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, अख्ख्या जमाती जन्मतःच चोर ठरवल्या. तो रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. कायदा गेला, नजर राहिली. कातकऱ्याकडे गावात आजही कसं बघतात हे तुम्हाला सांगायला नको.

पण इंग्रजांवर सगळं ढकलून मोकळं होऊ नका. त्यांना ही कल्पना इथे तयार मिळाली. मनुस्मृतीचा आठवा अध्याय उघडा, तिथे साक्षीदाराचे नियम आहेत. साक्षीला आलेल्या ब्राह्मणाला नुसतं 'बोल' म्हणायचं. क्षत्रियाला 'खरं बोल' म्हणायचं. वैश्याला गायी, धान्य आणि सोन्याची शपथ घालायची. आणि शूद्राला सगळ्या पापांची भीती घालून बोलायला लावायचं. म्हणजे एकाचा शब्दच पुरावा, दुसऱ्याच्या शब्दावर जामीन, आणि तिसरा तोंड उघडण्याआधीच खोटारडा. विश्वासार्हता ही माणसाने कमावायची गोष्ट राहिलीच नाही. ती जन्माबरोबर वाटून दिली. तो दप्तर तपासण्याचा प्रसंग मी जेव्हा जेव्हा आठवते, तेव्हा मला हा श्लोक आठवतो. बाईंनी मनुस्मृती वाचली नसेल. वाचायची गरजच नसते.

म्हणून मे २०२४ मध्ये आपल्या राज्याचा शालेय अभ्यासक्रम आराखडा आला आणि त्यात मूल्यशिक्षणाच्या प्रकरणाची सुरुवातच मनुस्मृतीतल्या श्लोकाने केलेली दिसली, तेव्हा मला धक्का बसला नाही. राग आला. श्लोकाचा अर्थ दिसायला निरुपद्रवी : जो वडीलधाऱ्यांना नमस्कार करतो, त्यांची सेवा करतो, त्याचं आयुष्य, विद्या, कीर्ती आणि बळ वाढतं. बरेच जण म्हणाले, यात वाईट काय? वाईट हे, की चारित्र्याचा पहिला धडा म्हणून वाकणं निवडलं गेलं. खरं बोलणं नाही, न्याय करणं नाही, वाकणं. आणि ते ज्या पुस्तकातून घेतलं त्यात कुणी कुणापुढे वाकायचं ते ठरवून दिलंय. पुढे मंत्र्यांनी खुलासा केला की मनुस्मृती अभ्यासक्रमात येणार नाही. ठीक. २९ मे ला आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडला, निषेधाचं आंदोलन झालं, त्यात बाबासाहेबांचं चित्र असलेलं पोस्टर फाडलं गेलं, माफी मागितली गेली. मग पुढचे दिवस सगळा महाराष्ट्र त्या फाटलेल्या पोस्टरवर भांडत बसला. आपणही बसलो. शाळेत मूल्यं कुणाची आणि कशी शिकवायची, हा प्रश्न ज्या गावात २५ डिसेंबर १९२७ ला ते पुस्तक जाळून विचारला गेला, त्याच गावात तो पुन्हा धुरात हरवला. त्या वेळी आपल्यातल्या किती जणांनी तो आराखडा उघडून वाचला? हात वर करा. मीसुद्धा ते प्रकरण आठवड्याने वाचलं.

आपल्या पूर्वजांच्या प्रामाणिकपणाचं या व्यवस्थेने काय केलं, हे आजच्या पोरांना कळलं पाहिजे. गावाचा सारा कचेरीत पोचवायचा कुणी? महाराने. शिवेचा तंटा झाला तर हद्द दाखवायची कुणी? महाराने. म्हणजे गावाची तिजोरी आणि गावाची जमीन ज्याच्या शब्दावर उभी, त्याला पाणवठ्याला हात लावायची बंदी. १८७४ च्या वतन कायद्याने ही राबणूक वंशपरंपरेने गळ्यात बांधलेलीच होती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या दुरुस्तीचं बिल आणलं ते यासाठीच. आणि अमृतनाकाची दंतकथा तुम्ही आजीकडून ऐकली असेल. बेदरच्या बादशहाची बेगम शोधून आणायला गेलेला अमृतनाक, जाताना बादशहाकडे एक बंद डबी ठेवून गेला. परत आल्यावर संशय घेतला गेला, तेव्हा डबी उघडली. त्यात त्याने स्वतःच कापून ठेवलेला पुरावा होता. मग बावन्न हक्क मिळाले. आपण ही गोष्ट अभिमानाने सांगतो. मला ती ऐकताना अंगावर काटा येतो. विश्वास बसावा म्हणून एका माणसाला आधीच स्वतःची चिरफाड करून ठेवावी लागते, आणि त्याच्या बदल्यात जे मिळतं ते काय, तर गावकीच्या उष्ट्यावरचे हक्क! बाबासाहेबांनी ते वतनच नको म्हटलं.

आजची डबी म्हणजे चारित्र्याचा दाखला. भरतीची तयारी करणाऱ्या आपल्या पोरांना विचारा. ३ जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदनंतर ज्यांच्यावर गुन्हे दाखल झाले, त्यांना चारित्र्य पडताळणी म्हणजे काय ते बरोबर ठाऊक आहे. अन्यायाविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्याचं चारित्र्य संशयास्पद, घरात बसलेल्याचं स्वच्छ. या मापाने चवदार तळ्यावर गेलेल्या आपल्या एकाही पणजोबाला दाखला मिळाला नसता.

इथपर्यंत वाचून काही जण माना डोलावत असतील. थांबा. कारण आता काही जण असंही म्हणतील, की व्यवस्थाच खोटारडी आहे तर आमच्या पोरांनी तरी खरं का वागायचं? हा युक्तिवाद मी आपल्याच बैठकांत ऐकलाय. हा बाबासाहेबांचा विचार नाही. विद्या, स्वाभिमान आणि शील ही आपली तीन दैवतं असल्याचं त्यांनी सांगितलं होतं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये प्रज्ञेला त्यांनी तलवारीची उपमा दिली आहे. ती शीलवानाच्या हातात असेल तर कुणाला तरी वाचवेल, शील नसलेल्याच्या हातात असेल तर मुडदा पाडेल. आपल्यातून शिकून साहेब झालेल्या, आणि समाजकल्याणाच्या योजनेतही टक्केवारी मागणाऱ्या महाभागांची आठवण झाली ना? मलाही झाली.

मग शिकवायचं कसं? तथागतांनी स्वतःच्या पोराला कसं शिकवलं ते बघा. राहुल लहान होता, परंपरा त्याचं वय सात सांगते. राजगृहाजवळ अंबलट्ठिकेला तथागत त्याच्याकडे गेले. त्याने पाय धुवायला पाणी ठेवलं. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात थोडंसं पाणी उरलं, ते दाखवून ते म्हणाले, जाणूनबुजून खोटं बोलणाऱ्याचं श्रमणपण एवढंसंच. मग ते पाणी फेकलं, भांडं उपडं केलं, पुन्हा उलथं करून रिकामं दाखवलं. नरकाची भीती नाही, छडी नाही, चार पोरांसमोर झडती नाही. पुढे विचारलं, आरसा कशासाठी असतो? बघण्यासाठी. तसंच प्रत्येक काम करण्याआधी, करताना आणि करून झाल्यावर बघायचं, की यातून मला, दुसऱ्याला, दोघांना इजा होते का. संपला तास. सम्राट अशोकाने भाब्रूच्या शिलालेखात भिक्षूंनी आणि उपासकांनी वारंवार ऐकावेत असे जे सात उपदेश नावानिशी सांगितले, त्यात खोटं बोलण्याविषयी राहुलाला केलेला हा उपदेश आहे. लक्षात घ्या, ज्याच्या हाती मोठेपण आहे त्याने आधी आपल्या घरापासून सुरुवात केली. वाडीवरच्या पोरापासून नाही.

आणि विज्ञान काय म्हणतं? बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथेच त्यांच्यानंतर काही वर्षांनी ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी सुमारे ११ हजार मुलांवर प्रामाणिकपणाच्या चाचण्या घेतल्या. १९२८ मध्ये निष्कर्ष आला. मुलं प्रामाणिक आणि अप्रामाणिक अशा दोन जातींत वाटलेली नसतात. एका ठिकाणी खरं वागणारं मूल दुसऱ्या ठिकाणी कॉपी करतं. आणि नीतीचे पाठ दिल्याने फारसा फरक पडत नाही. भोवतालची परिस्थिती कशी आहे, वर्गातलं वातावरण कसं आहे, यावर बरंच ठरतं. जवळजवळ शंभर वर्षं झाली. आपण अजून लाकूडतोड्याच सांगतोय.

कर्जतच्या मातीत याचं उदाहरण आहे आणि ते पाठ्यपुस्तकाबाहेरच राहिलं. वीर भाई कोतवाल, १९१२ चा जन्म, माथेरानचे, नाभिक समाजातले वकील. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते शहीद झाले, एवढं आपल्याला माहीत असतं. त्याआधी त्यांनी या तालुक्यात काय केलं? गावोगाव शाळा काढल्या आणि धान्यकोठारं काढली. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की शेतकरी, आदिवासी सावकाराच्या दारात जायचा आणि दीडपट-दुपटीच्या फेऱ्यात अडकायचा. कोठारातून धान्य घ्यायचं, पीक आल्यावर परत घालायचं. याला विश्वास म्हणतात. गरिबाच्या शब्दावर धान्य देणारी व्यवस्था उभी केली की गरीब शब्द पाळतो, हे त्या माणसाने ओळखलं होतं. बाजूला शाळा होतीच.

आता आपल्या अंगणात या. १४ एप्रिलची वर्गणी घरोघर फिरते. पावतीपुस्तक घेऊन दहा-बारा वर्षांची पोरंच फिरतात. डीजे येतो, बॅनर लागतो, नेत्याचा सत्कार होतो. किती मंडळं मे महिन्यात विहाराच्या भिंतीवर हिशोब लावतात? ज्या पोराने दारोदार जाऊन पन्नास-पन्नास रुपये गोळा केले, त्याला ते कुठे गेले हे कळत नाही. हा त्याचा शीलाचा तास. रोज संध्याकाळी पंचशील म्हणताना तो चोरी न करण्याची आणि खोटं न बोलण्याची प्रतिज्ञा घेतो, आणि एप्रिलमध्ये बघतो की मोठ्यांना ती लागू नाही.

माझंही सांगते, नाहीतर हा लेख म्हणजे आणखी एक झडती होईल. खालापूर तालुक्यातल्या एका विहारात आम्ही अभ्यासिका चालवतो. वह्या, पेन, झेरॉक्स यांसाठी एक पत्र्याचा डबा ठेवला, कुलूप नाही. घेणाऱ्याने पैसे टाकायचे, पाळीपाळीने पोरांनीच वहीत लिहायचं, शनिवारी सगळ्यांसमोर मोजायचं. शाळा सोडलेल्या त्या नोटेवाल्या पोराला मी मिनतवाऱ्या करून इथे आणलं होतं. दुसऱ्याच महिन्यात डब्यात ८५ रुपये कमी निघाले. वर्गात कुणी काही बोललं नाही. पण नजरा वळल्या. त्याच्याकडे. मैत्रिणींनो, मित्रांनो, माझीही वळली. बेकर वाचलेली, पंचशील घेतलेली, हा सगळा लेख लिहिणारी मी. आणि त्याने ती बघितली.

त्याच रात्री पर्स उपडी केली तर झेरॉक्सची पावती निघाली, ६० रुपयांची. जातीच्या दाखल्याचे कागद काढायला मीच डब्यातून पैसे घेतले होते आणि वहीत लिहिलं नव्हतं. उरलेले २५ कुठे गेले ते आजही कळलेलं नाही, आणि आम्ही शोधलंही नाही. पुढच्या शनिवारी मी सगळ्यांसमोर सांगितलं, माफी मागितली, त्याच्याकडे बघून वेगळी मागितली. तो काही बोलला नाही. त्या दिवशी वहीची पाळी त्याची होती. त्याने खाली मान घालून लिहिलं : "ताईने न सांगता नेले ६० रु. परत दिले."

ते पान आम्ही भिंतीला लावलंय. पाहुणे येतात, वाचतात, माझ्याकडे बघतात. यंदाच्या जयंतीनंतर अभ्यासिकेतली सहा पोरं तीच वही घेऊन मंडळाच्या अध्यक्षांकडे गेली आणि म्हणाली, दादा, तुमचा पण हिशोब इथे शेजारी लावायचा. जागा सोडली आहे. अध्यक्ष म्हणाले, बघू. जागा अजून रिकामी आहे.